विवाहानंतरचें गाणें

किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चा शेवटचा पडदा पडतो तेव्हां अर्जुनास सुभद्रा मिळालेली असते, बलरामाचा राग निवळलेला असतो, आणि प्रेक्षक तृप्त मनानें घरीं जातो. पुढें त्या दोघांचा संसार कसा झाला, हें विचारण्याची त्यास आवश्यकता भासत नाहीं. १८८२ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकास आम्ही दोष देत नाहीं. जगांतील बहुतेक नाटकें, कादंबऱ्या आणि प्रेमगीतें याच ठिकाणीं येऊन थांबतात. मंगलाष्टकें संपलीं कीं कवि अंगावरच्या अक्षता झटकून उठतो, आणि ज्यांचें लग्न लागलें तीं दोघें पुढचीं तीस-चाळीस वर्षें काव्याच्या मदतीवांचून काढतात. प्रियाराधनाला गति असते, विरहाला आर्तता असते. पण एकाच छपराखालीं, एकाच माणसाबरोबर काढलेल्या दिवसांत सांगण्यासारखें घडतें तरी काय, असा प्रश्न कवीला पडत असावा.

अपवाद आहेतच. संस्कृतांत भवभूतीचें 'उत्तररामचरित' आहे. मराठींत राजकवि तांबे यांनीं दांपत्यप्रेमाची गोडी मनसोक्त गाइली आहे. परंतु दांपत्याची गोडी गाणें निराळें, आणि त्या गोडीच्या तळाशीं बसलेली भीति गाणें निराळें. हें दुसरें काम पत्करणारी एक कृति आमच्या ऐकण्यांत आली. ती अमेरिकेंतील असून पुस्तकरूपानें नव्हे, तर गाण्यांच्या तबकडीच्या रूपानें ९ ऑक्टोबर १९८७ रोजीं प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'टनेल ऑफ लव्ह', आणि कर्ता ब्रूस स्प्रिंगस्टीन. तिला आतां तीन तपें उलटून गेलीं आहेत. इतक्या उशिरां तिचें परीक्षण कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्या कृतीचा विषयच टिकणें हा आहे, तिची परीक्षा करण्यापूर्वीं एवढा काळ लोटणें आम्हांस इष्टच वाटतें.

या गायकाचा ज्यांना परिचय नसेल अशा वाचकांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. स्प्रिंगस्टीन यांचा जन्म १९४९ सालचा. न्यू जर्सी संस्थानांतील फ्रीहोल्ड या गांवीं त्यांचें बालपण गेलें. वडील बस हांकण्यापासून नाना प्रकारच्या नोकऱ्या करीत. आई वकिलाच्या कचेरींत काम करी. स्वतः पद्य रचावें, स्वतःच चाल बांधावी आणि स्वतःच गिटार घेऊन लोकांपुढें उभें राहावें, ही त्यांची रीत आपल्याकडील शाहिराची आठवण करून देणारी आहे. १९७५ सालच्या 'बॉर्न टू रन' या तबकडीनें त्यांचें नांव देशभर झालें. तींतील तरुण प्रेयसीला मोटारींत बसवून गांव मागें टाकूं पाहतो. त्याच्या दृष्टीनें सारी मुक्ति पुढच्या रस्त्यावर आहे. नंतर १९८४ सालीं 'बॉर्न इन द यू. एस. ए.' आली. तिच्यांतील सात गाणीं एकामागून एक अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिल्या दहांत गेलीं, आणि त्यांचें गाणें ऐकण्यासाठीं मोठमोठीं क्रीडांगणें भरूं लागलीं.

अशा यशानंतर गायक आवाज आणखी चढवितो. स्प्रिंगस्टीन यांनीं तो उतरविला. न्यू जर्सींतील आपल्या घरच्या ध्वनिमुद्रणशाळेंत बसून त्यांनीं बारा गाणीं तयार केलीं, आणि त्यांतील बहुतेक वाद्यें स्वतःच वाजविलीं. 'ई स्ट्रीट बँड' हा त्यांचा अनेक वर्षांचा वाद्यवृंद. त्यांतील सोबत्यांना त्यांनीं एकत्र न बोलावतां, ज्या गाण्याला ज्याची गरज तेवढ्यापुरतें एकेकटें बोलावलें. परिणाम असा झाला कीं, हजारोंच्या मेळाव्याला उद्देशून गाणारा हा माणूस येथें शेजारच्या खोलींत कोणी झोंपलें आहे अशा बेतानें गातो. विषयाला हा आवाज शोभतो. आजवर ज्यानें पळून जाण्याचीं गाणीं गाइलीं, तो आतां एका घरीं थांबला आहे, आणि थांबणाऱ्या माणसाच्या मनांत काय चालतें तें स्वतःशीं तपासून पाहत आहे.

तबकडीच्या दोन बाजू असतात, आणि या गोष्टीचा कर्त्यानें अर्थपूर्ण उपयोग केला आहे. पहिल्या बाजूस सहा गाणीं, दुसरीस सहा. आरंभींचें गाणें एका धनिकाचें थट्टेखोर गाऱ्हाणें आहे. घरांत चित्रें आहेत, रत्नें आहेत, नाहीं ती फक्त हवी ती व्यक्ति. दुसऱ्यांत शनिवारच्या रात्रीं नाचाच्या जागीं दोघें भेटतात. दोघांनींही पूर्वीं प्रेमांत ठेच खाल्लेली आहे. तो आपल्या रूपाची किंवा गोड बोलण्याची फुशारकी मारीत नाहीं; आपण टिकाऊ आहों एवढाच त्याचा दावा आहे. तिसरें गाणें निखळ आनंदाचें. या बाजूचें शेवटचें गाणें 'वॉक लाइक अ मॅन' हें लग्नाच्या दिवसाचें आहे. नवरदेव देवळांत उभा राहून आपल्या वडिलांकडे पाहतो. लहानपणीं समुद्रकांठच्या वाळूंत वडिलांच्या पावलांवर पाऊल टाकीत चाललेला मुलगा त्याला आठवतो. आई आपणांस दुसऱ्यांचीं लग्नें पाहावयास नेत असे तेंही आठवतें. आतां पुढें वडिलांचीं पावलें नाहींत, स्वतःचींच टाकावयाचीं आहेत. एखाद्या संगीत नाटकाचें भरतवाक्य शोभावें असा हा प्रसंग आहे, आणि दुसरा कोणी असता तर येथेंच थांबता.

स्प्रिंगस्टीन तबकडी उलटवितात, आणि उलटवितांच बोगदा सुरू होतो.

हा बोगदा म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील जत्रांच्या मैदानांवर 'टनेल ऑफ लव्ह' नांवाचा एक जुना खेळ असे. लहानशा होडींत किंवा गाडींत दोघांना बसवून काळोख्या वाटेनें फिरवून आणीत. तरुण जोडप्यांना चारचौघांच्या नजरेआड जवळ बसण्यास तेवढीच संधि मिळे. न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर असलीं मैदानें पुष्कळ. मुख्य गाण्यांत पॉइंट प्लेझंट येथील चक्री गाडींत बसलेल्या एका कुटुंबाचा आरडाओरडा खरोखरीचा मुद्रित करून घातला आहे. गाण्यांतील नवरा तिकीट काढतो, दोघें गाडींत बसतात, काळोख होतो. आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं गाडींत आपण दोघेंच नाहीं आहों. प्रत्येकानें आपापलें भय बरोबर आणलें आहे, आणि त्या भयानें तिसरी जागा अडविली आहे. आंत वेडेवांकडे आरसे आहेत. त्यांत जोडीदाराचें रूप बदललेलें दिसतें, आणि स्वतःचेंही. लग्न ही सोपी गोष्ट आहे असें समजून आलेला माणूस जत्रेच्या खेळांत खरा भ्यावा, ही कल्पना एकाच वेळीं हास्यास्पद व करुण आहे. गातांनाही कर्त्यानें हीं दोन्ही अंगें सोडलीं नाहींत. वाद्यांत जत्रेची लगबग आहे, आवाजांत चिंता आहे.

तथापि आमच्या मतें या कृतीचें मर्म मुख्य गाण्यांत नाहीं. तें पहिल्या बाजूवरील 'कॉशस मॅन' या कथागीतांत आहे. 'सावध माणूस' असा त्या नांवाचा अर्थ. साथीला गिटार, आणि अगदीं थोडें कांहीं. बिल हॉर्टन नांवाचा एक भटक्या वृत्तीचा, जपून वागणारा मनुष्य प्रेमांत पडतो व लग्न करतो. त्याच्या एका हातावर 'प्रेम' हा शब्द गोंदलेला आहे, दुसऱ्या हातावर 'भय' हा. ज्यांनीं १९५५ सालचा 'द नाइट ऑफ द हंटर' हा बोलपट पाहिला असेल त्यांना या खुणेचें मूळ ओळखूं येईल. त्यांतील ढोंगी धर्मोपदेशकाच्या, म्हणजे रॉबर्ट मिचम या नटाच्या, बोटांवर 'प्रेम' आणि 'द्वेष' असे शब्द गोंदलेले होते. स्प्रिंगस्टीन यांनीं द्वेष पुसून तेथें भय लिहिलें. एक शब्द बदलला, पण त्यांत विवाहासंबंधीं एक संपूर्ण मत सामावलें आहे. प्रेमाचा शत्रु द्वेष असता तर काम सोपें होतें. द्वेष ओळखतां येतो, आणि ज्याचा द्वेष करावा त्याला सोडूनही जातां येतें. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यापासूनच भय वाटूं लागलें, तर मनुष्य कोठें जाणार? हें भय पत्नी दुष्ट असल्याचें नव्हे. आपल्या अस्थिर मनाचा एक दिवस आपल्यावरचा ताबा सुटेल, हें तें भय.

या गाण्यांतील मुख्य प्रसंग असा आहे. एका रात्रीं बिल दुःस्वप्नानें दचकून जागा होतो व पत्नीचें नांव घेऊन हांक मारतो. ती शेजारींच शांत झोंपलेली आहे, पण त्याला ती फार दूर गेल्यासारखी वाटते. तो उठतो, कपडे चढवितो आणि हमरस्त्याकडे चालूं लागतो. १९७५ सालचा स्प्रिंगस्टीन येथून पुढें मोटार भरधांव सोडता. येथें मात्र, ज्या ठिकाणीं पूर्वीं सुटकेची हांक ऐकूं येई, त्या ठिकाणीं नुसतें मोकळें डांबर पसरलेलें दिसतें. बिल परत घरीं येतो, पत्नीच्या तोंडावर आलेले केंस हलकेच बाजूस करतो; खोलींत चांदणें पडलेलें असतें. एवढेंच. त्याचें भय गेलें असें कवि सांगत नाहीं. तो या रात्रीं परत आला, इतकेंच सांगतो. उद्यांची रात्र आहेच. निष्ठा ही एकदां दिलेली आणि कायमची झालेली वस्तु नसून, रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हां पुन्हां परत येणें हीच निष्ठा, असें हें गाणें सुचवितें. दीर्घ संसाराचें याहून प्रामाणिक वर्णन गीतांत क्वचितच सांपडेल.

दुसऱ्या बाजूवर हेंच भय संशयाचें रूप घेतें. 'टू फेसेस' मध्यें एकाच पुरुषाला दोन तोंडें आहेत, एक हंसणारें व एक सारें उद्ध्वस्त करूं पाहणारें. त्यापुढील 'ब्रिलियंट डिसगाइझ' हें गाणें सर्वांत गाजलें. त्यांतील पतीला पत्नीच्या प्रेमळपणांत सोंग दिसूं लागतें. तिच्या डोळ्यांत पाहतांना ही कोण, असा प्रश्न त्याला पडतो. गाण्याचा बराचसा भाग तो तिच्याकडे बोट दाखवितो. शेवटीं मात्र तें बोट वळून स्वतःकडेच येतें. तिनें माझ्यावर विश्वास कां ठेवावा? मीही विश्वासू पतीचें सोंगच करीत नसेन कशावरून? संशयाची ही उलटी चाल फार मार्मिक आहे. या गाण्यासाठीं काढलेला चित्रपटही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. काळ्या-पांढऱ्या रंगांत, मध्यें कोठेंही न तोडतां, एकाच सलग दृश्यांत तो घेतला आहे. स्वयंपाकघरांत गिटार घेऊन बसलेल्या गायकाकडे कॅमेरा हळूहळू सरकत जातो आणि अखेरीस केवळ चेहरा उरतो. मुखवट्याविषयीं गाणाऱ्या माणसाला तोंड लपविण्यास जागाच ठेवलेली नाहीं.

येथें आम्हांस पुन्हां भवभूतीचें स्मरण होतें. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत राम आणि सीता आपल्या गतायुष्याचीं चित्रें पाहतात. थकलेली सीता रामाच्या बाहूवर डोकें ठेवून झोंपी जाते. आणि त्याच क्षणीं दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. झोंपलेली पत्नी, जागा पति, आणि मध्येंच आलेलें संकट, अशी ही योजना 'कॉशस मॅन'च्या रात्रीशीं किती जुळते हें वाचकांच्या लक्षांत येईल. भेद आहे तो संकटाच्या वाटेंत. रामाच्या घरांत संशय बाहेरून येतो. त्याच्या स्वतःच्या मनाला सीतेविषयीं तिळमात्र शंका नाहीं. राजधर्म त्याला निष्ठुर करतो. बिल हॉर्टनच्या दाराशीं कोणी दुर्मुख येत नाहीं. त्याला राज्य नाहीं, प्रजा नाहीं, लोकापवादाची भीति नाहीं. जुनीं बंधनें सैल झालेल्या समाजांत नवरा-बायकोंना बांधून ठेवणारें बाहेरचें बळ उरत नाहीं, तसेंच त्यांना तोडणारा बाहेरचा शत्रुही उरत नाहीं. तेव्हां दोन्ही कामें मनावर येऊन पडतात. आपल्याकडेही एकत्र कुटुंबें मोडून दोघांचे संसार शहरोशहरीं थाटले गेले आहेत. सासूसासरे, दीर, जावा यांच्या गर्दींत जो प्रश्न उपस्थित होण्यास फुरसतच मिळत नसे, तो आतां दोन खोल्यांच्या घरांत रात्रीं समोर येऊन बसतो. म्हणून हीं परदेशी गाणीं आम्हांस परकीं वाटत नाहींत.

'वन स्टेप अप' या गाण्यांत हा प्रश्न अत्यंत घरगुती रूपांत येतो. घर गरम ठेवणारी भट्टी विझली आहे, मोटार सुरू होत नाहीं, आणि भांडणही नेहमींचेंच आहे. कोणीच मोठें पाप केलेलें नाहीं. एक पाऊल पुढें पडतें आणि दोन मागें येतात, असा हा हिशेब आहे. नवरा रात्रीं पेयगृहांत बसला आहे, पलीकडे एक स्त्री बसली आहे, आणि पुढें काय होईल तें कवि सांगत नाहीं. शेवटीं त्याला पत्नीबरोबर नाचत असल्याचें स्वप्न आठवतें. संसार मोठ्या वादळानें क्वचितच मोडतो. तो अशा न दुरुस्त केलेल्या लहान लहान वस्तूंनीं झिजतो, हें ज्याला माहीत आहे त्यालाच असें गाणें सुचेल.

संग्रहाचा शेवट 'व्हॅलेंटाइन्स डे' या संथ व लांब गाण्यानें होतो. १४ फेब्रुवारी हा पाश्चात्त्य देशांत प्रेमिकांचा दिवस. गायक रात्रीं एकटाच मोटार हांकीत घराकडे निघाला आहे. मित्राला मूल झाल्याचें त्यानें ऐकलें आहे. मित्राच्या आवाजांतील आनंद त्याच्या कानांत आहे. स्वप्नांत त्यानें स्वतःचें मरण पाहिलें आहे. इतकें सर्व मनांत घेऊन तो अखेरीस तिला एक साधी विनंति करतो. ती मान्य झाली कीं नाहीं तें कळण्यापूर्वींच वाद्यें मंदावत जातात. हा शेवट कांहींना अपुरा वाटेल. आम्हांस तो योग्य वाटतो. ज्या प्रश्नाचें उत्तर रोज नव्यानें द्यावें लागतें, त्याला तबकडीच्या शेवटीं एकदांचें उत्तर देणें खोटें झालें असतें.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष ध्वनीचा. १९८० नंतरच्या दहा वर्षांत यांत्रिक तालाची व विजेच्या पेटीची जी टूम निघाली होती, तिची छाया या गाण्यांवर आहे. 'कॉशस मॅन'सारखीं जीं गाणीं गिटारवर सोडलीं आहेत तीं आजही ताजीं वाटतात. जेथें सिंथेसायझरचा जाड थर दिला आहे तेथें वय दिसतें. दुसरें असें कीं, सर्वच गाणीं सारख्या तोलाचीं नाहींत. 'व्हेन यू आर अलोन' हें गाणें ऐकतांना गोड असलें तरी भोंवतालच्या गाण्यांनीं जें आधींच खोलवर सांगितलें तें तें वरवर सांगतें.

तिसरा दोष गंभीर आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक बोंचला. ह्या बारा गाण्यांत विवाहाविषयीं इतकें बोलणें आहे, पण पत्नी कोठेंही बोलत नाहीं. ती झोंपलेली असते, नाचत असते, दूर पाहत असते. तिच्या मनांत काय आहे याची चिंता नवरा एकटाच वाहतो. तिला विचारून पाहावें असें त्याला सहसा सुचत नाहीं. जिच्याकडे कवीनें स्वतंत्रपणें पाहिलें अशी एकच स्त्री येथें आहे, ती 'स्पेअर पार्ट्स'मधील जेनी. आणि तिचें तर लग्नच होत नाहीं. वाग्दत्त पुरुष तिला गरोदर अवस्थेंत टाकून जातो. निराशेच्या भरांत ती तान्ह्याला घेऊन नदीवर जाते, पण त्याला पोटाशीं धरून परत येते. आणि मग अंगठी व लग्नाचा पोषाख गहाण टाकून रोकड पैसे घेते. फार ठसठशीत चित्र आहे हें, परंतु तेंही कवीच्या तोंडून. आमच्याकडे जात्यावरच्या ओव्यांत संसाराविषयीं बोलते ती स्त्री. तिची ओंवी ऐकावयास पुरुष जागाही नसतो. येथें बरोबर उलट झालें आहे. नवरा पहांटेपर्यंत आपल्या मनाचें दळण दळतो, आणि बायको निजलेली. अर्ध्या विवाहाचें हें काव्य आहे, असें म्हणणें भाग पडतें.

याच ठिकाणीं कवीच्या चरित्राचा प्रश्न निघतो. स्प्रिंगस्टीन यांनीं १९८५ सालीं एका नटीशीं विवाह केला होता. तबकडीच्या वेष्टनावर तिचे आभारही मानले आहेत. १९८८ सालीं तीं दोघें विभक्त झालीं व १९८९ सालीं घटस्फोट झाला. तेव्हांपासून हीं गाणीं म्हणजे त्या मोडक्या संसाराची दैनंदिनी आहे असें समजून ऐकण्याची रीत पडली. आम्ही या रीतीच्या विरुद्ध आहों. एक तर हीं गाणीं लिहिलीं गेलीं तेव्हां तो विवाह मोडलेला नव्हता. आणि दुसरें, ज्यांचा विवाह मोडला नाहीं अशा हजारों लोकांनींही त्यांत आपली ओळख पाहिली. शिवाय अशा ऐकण्यानें कृतीचा अर्थच संकुचित होतो. 'पुढें घटस्फोट झाला, म्हणून आधीं संशय होता' असें म्हणून ऐकणारा स्वतः सुटतो. संशय हा त्या एका अभागी जोडप्याचा रोग ठरतो. या गाण्यांचें म्हणणें तर असें आहे कीं हा संशय सुखी घरांतही राहतो, आणि त्याची ओळख ठेवूनच घर चालवावें लागतें.

कोणी कुटुंबवत्सल वाचक आम्हांस विचारील, संसारांत संशयाला असें बोलावून बसविणें हितकर आहे काय? प्रश्न रास्त आहे. संशय दोन प्रकारचा असतो. जोडीदारावर रोखलेला संशय घर जाळतो, हें सांगण्यास नवीन कवीची गरज नाहीं. पण स्वतःवर रोखलेला संशय, म्हणजे 'मी दिलेल्या वचनाला पुरा पडेन ना' ही धास्ती, ही राखणदारासारखी असते. ज्याला आपल्या निष्ठेची खात्री वाटून तो निश्चिंत निजला, त्याच्यापेक्षां मध्यरात्रीं रस्त्यापर्यंत जाऊन परत आलेला बिल हॉर्टन आम्हांस अधिक भरंवशाचा वाटतो. असें असल्यामुळेंच हीं गाणीं घरांत ऐकण्यास आम्हांस कोणताही संकोच वाटत नाहीं.

आणि तिसऱ्या दोषाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. या तबकडींतील कांहीं गाण्यांत मागून एका स्त्रीचा आवाज ऐकूं येतो. तो पॅटी स्कायाल्फा यांचा. त्या १९८४ पासून स्प्रिंगस्टीन यांच्या वृंदांत गात होत्या, आणि स्वतःही गीतें रचणाऱ्या आहेत. १९९१ सालीं त्या दोघांचा विवाह झाला. पुढें १९८७ च्या त्या गाण्यांना तीस वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे २०१७ सालच्या ऑक्टोबरांत, स्प्रिंगस्टीन यांनीं न्यूयॉर्कच्या वॉल्टर कर नाट्यगृहांत आपल्या जीवनावरील एकपात्री कार्यक्रम सुरू केला. तो २०१८ च्या डिसेंबरपर्यंत चालला. बहुतेक सारा वेळ रंगमंचावर ते एकटे असत, कधीं गिटार घेऊन, कधीं पियानोवर. फक्त दोन गाण्यांपुरत्या स्कायाल्फा येऊन उभ्या राहत. तीं दोन्ही गाणीं याच तबकडींतील होतीं. पहिलें टिकाऊपणाची ग्वाही देणारें. दुसरें 'ब्रिलियंट डिसगाइझ'.

शब्द तेच, चाल तीच. पण ज्या गाण्यांत एकटा पुरुष पत्नीच्या सोंगाविषयीं आणि मग स्वतःच्या सोंगाविषयीं तळमळत होता, तें आतां पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकत्र काढलेलीं दोघें एकमेकांकडे पाहत गातात, आणि गाण्याचा अर्थ पालटतो. पूर्वीं तो आरोप होता, नंतर कबुली होती. आतां तो उभयतांचा करार होतो. तुझ्या मनाचा तळ मला दिसत नाहीं, माझ्याही मनाचा तुला दिसत नसेल, तरी आपण येथें आहों. जी अर्धी बाजू आम्हांस तबकडींत उणी वाटली, ती भरून काढण्यास कवीला तीस वर्षें आणि एक संसार लागला.

विवाहानंतर सांगण्यासारखें घडतें काय, या आरंभीच्या प्रश्नाला हें उत्तर पुरेसें आहे असें आम्हांस वाटतें. ज्यांच्या लग्नाला दहा-पंधरा वर्षें झालीं आहेत अशा वाचकांनीं एखाद्या रात्रीं मुलें निजल्यावर हीं बारा गाणीं सलग ऐकावींत. मात्र एकट्यानें ऐकूं नयेत. जो दोष कवीनें केला तो श्रोत्यानें तरी टाळावा.